नौका नव्या, समुद्र जुना

युद्धनौकांचे गेम आधुनिक नौदलाच्या तोडीस तोड झाले आहेत, असं जो कुणी म्हणतो त्याला मानसरोवर स्टेशनबाहेरून गाडीत बसवावं आणि थेट करंजाच्या धक्क्यावर नेऊन उभं करावं. कामोठ्याहून उरण काही लांब नाही. तिथे त्याला फक्त समोर बघायला सांगावं. रेवसची लाँच सुटलेली असते. धरमतरच्या खाडीकडे बार्ज चाललेले असतात. मासळी घेऊन बोटी परतत असतात आणि बर्फ भरून दुसऱ्या निघत असतात. पाण्यात कुठे कुठे डोल जाळ्यांचे बोये डुलत असतात. दूरवर न्हावा-शेव्याकडे निघालेलं कंटेनर जहाज दिसतं. या सगळ्या गर्दीतून नौदलाच्या नौकेला वाट काढायची असते.

आता त्याच माणसाला मोबाईल उघडायला सांगा. तिथला समुद्र रिकामा असतो. आपली नौका, शत्रूची नौका, मध्ये निळंशार पाणी. मच्छीमार नाही, लाँच नाही, बार्ज नाही, जाळं नाही. जो समोर दिसेल तो शत्रूच, आणि दिसला की हाणायचा.

म्हणून माझा निकाल सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे गेम नौकांच्या यादीत नौदलाच्या बरोबरीने धावतात, समुद्राच्या बाबतीत मात्र पार मागे पडतात. आणि हे मागे पडणं आपल्याला परवडणारं नाही. कारण कामोठे, खांदेश्वर, नेरुळ, उरण या पट्ट्यातली शेकडो पोरं हेच गेम खेळत मोठी होतात आणि त्यातली कितीतरी पुढे मर्चंट नेव्हीत, नौदलात, तटरक्षक दलात जातात. समुद्राचं पहिलं चित्र त्यांच्या डोक्यात हे गेम भरतात. ते चित्र खरं असलं पाहिजे.

*

आधी गेमवाल्यांचं देणं चुकतं करू. यादीच्या बाबतीत त्यांना मानलं पाहिजे.

१५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सूरत, आयएनएस निलगिरी आणि आयएनएस वाघशीर या तिन्ही एकाच दिवशी ताफ्यात आल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. त्यातल्या सूरतची लांबी १६३ मीटर, वजन ७,४०० टनांच्या आसपास, पोटात १६ ब्राह्मोस आणि ३२ बराक-८ क्षेपणास्त्रं. हे आकडे तुम्ही कामोठ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला विचारा, तो झोपेतही सांगेल. ही माहिती त्याला शाळेने दिलेली नाही, गेमने दिली आहे. मी याला कमी लेखत नाही.

गंभीर गेमही आहेत. ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’ हा २०१९ चा गेम दिसायला एखाद्या सरकारी नकाशासारखा. पण त्याच्या माहितीकोशात जगभरातली जहाजं, विमानं, रडार, क्षेपणास्त्रं भरलेली आहेत. तिथे रडारवरचा ठिपका आधी ‘अनोळखी’ असतो, तो कोण हे शोधावं लागतं. क्षेपणास्त्रं संपली की नौका बंदरात परत न्यावी लागते. याच गेमची व्यावसायिक आवृत्ती लष्करी संस्था वापरतात. हा प्रामाणिक खेळ आहे आणि खेळणारे थोडे आहेत.

लोकप्रिय गेमांचं काय? ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ २०१५ मध्ये आला. त्यातल्या नौका मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळातल्या आणि लढाई वीस मिनिटांत उरकायची. पाणबुडीप्रेमींचा लाडका ‘कोल्ड वॉटर्स’ २०१७ चा, पण त्याच्या गाजलेल्या मोहिमा १९६८ आणि १९८४ च्या. ‘सी पॉवर’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, त्याचं फार कौतुक झालं आणि ते रास्तही आहे. पण काळ कुठला? शीतयुद्धाचा.

म्हणजे २०२४ साली बाजारात आलेला नावाजलेला सागरी गेम चाळीस वर्षांपूर्वीची लढाई लढतोय. यामागचं कारण उघड आहे. जुन्या शस्त्रांची माहिती खुली झाली आहे, नव्यांची गुप्त आहे. शिवाय जुन्या लढाईत दोन बाजू स्वच्छ होत्या. आजच्या समुद्रावर तशा त्या नाहीत. नेमकं तिथेच या गेमांचं घोडं पेंड खातं.

*

पहिला ठोसा: ओळख.

रायगड जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, ते कुठल्या युद्धनौकेतून उतरलं नव्हतं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर चालून आलेले दहाजण ‘कुबेर’ या आपल्याच, गुजरातच्या मासेमारी बोटीतून आले. बोट आपली, झेंडा आपला, आत शत्रू. मग रबरी होडीतून ते कफ परेडच्या कोळीवाड्याला उतरले. गेममध्ये शत्रूवर लाल खूण असते. कुबेरवर कसलीही खूण नव्हती.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक बोट वाहत आली. आत एके-४७ रायफली. सारा जिल्हा हादरला, नाकाबंदी झाली. चौकशीत निघालं की बोट एका परदेशी महिलेची, खलाशांना भर समुद्रात दुसऱ्या जहाजाने वाचवलेलं आणि बोट प्रवाहाबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलेली. घातपात नव्हता. पण पहिल्या काही तासांत हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि निर्णय त्याच तासांत घ्यायचे होते. नौदलाचं, तटरक्षक दलाचं, सागरी पोलिसांचं खरं काम हे असतं.

यासाठी आपल्याकडे एक खराखुरा युद्धखेळ चालतो आणि त्याची आपल्या पोरांना गंधवार्ता नसते. त्याचं नाव ‘सागर कवच’. २६/११ नंतर नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, सीमाशुल्क, बंदरं आणि मच्छीमार संस्था वर्षातून साधारण दोनदा हा सराव करतात. एक गट हल्लेखोर होतो, मासेमारी बोटीतून गुपचूप किनाऱ्याला लागायचा प्रयत्न करतो. दुसरा गट त्याला अडवतो. हल्लेखोर निसटून उतरले की कोणत्या धक्क्यावर कुणाची नजर चुकली ते कागदावर येतं. २०१९ पासून ‘सी व्हिजिल’ नावाने असाच सराव देशाच्या सगळ्या किनाऱ्यावर होतो. यात जिंकतो तो अनोळखी बोट हेरून १०९३ किंवा १५५४ ला फोन करणारा तांडेल. मला सांगा, जगातल्या कुठल्या गेममध्ये तांडेल नायक आहे?

आता जरा जवळून बघा. रात्रीची वेळ आहे. तुम्ही जहाजाच्या ब्रिजवर उभे आहात. समोर दोन दिवे, एकावर एक. वरचा लाल, खालचा पांढरा: मासेमारी चालू आहे. वरचा हिरवा, खालचा पांढरा: ट्रॉलर आहे, मागे जाळं ओढतोय, त्याच्या पाठीमागून जवळून जाऊ नका. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे लिहिलेलं आहे. पण खरी गंमत पुढे आहे. वीस मीटरहून लहान होडीवर ओळख सांगणारं एआयएस यंत्र असेलच असं नाही, म्हणजे पडद्यावर तिचं नाव उमटणार नाही. लाकडी होडी रडारवर धड दिसत नाही. पावसाळी बंदी उठली की अशा होड्या एका रात्रीत समुद्रभर पसरतात. त्यातली एकच खोटी असेल तर ती कुठली? हे सोडवा. ब्राह्मोसचं बटण दाबणं त्यापुढे सोपं आहे.

आपल्याच शेजारी, नेरुळच्या टी. एस. चाणक्यसारख्या संस्थांत घडणाऱ्या मर्चंट नेव्हीच्या अधिकाऱ्याला सिम्युलेटरवर हेच गिरवावं लागतं. धुकं, अरुंद वाट, अंगावर येणारी मासेमारी बोट. कोचीला नौदलाने जून २०२३ मध्ये ‘ध्रुव’ हे सिम्युलेटर संकुल सुरू केलं. त्यात नौका हाकण्याचा सराव देणारी यंत्रणा आहे आणि ती भारतीय कंपनीने बांधली आहे. म्हणजे तंत्र आहे, माणसं आहेत, अनुभव आहे. गर्दीचा समुद्र पडद्यावर आणणं अशक्य नाही. गेमवाल्यांना तो नको असतो, कारण थांबून ओळख पटवण्यात धूमधडाका नाही.

गर्दीच्या समुद्रात चूक झाली तर काय होतं, हे आपण १८ डिसेंबर २०२४ ला पाहिलं. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जणांचा जीव गेला. समुद्रात इतरही माणसं आहेत, हे भान प्रत्येक खेळातून, प्रत्येक प्रशिक्षणातून पोरांच्या अंगी मुरलं पाहिजे. रिकाम्या समुद्रात ते मुरत नाही.

*

दुसरा ठोसा: हिशेब.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जे घडलं, त्याने जगभरच्या नौदलांची झोप उडवली. येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर सोडलेले ड्रोन काही हजार डॉलरचे, फार तर काही दहा हजारांचे. ते पाडायला अमेरिकी विनाशिकेने सोडलेलं एसएम-२ क्षेपणास्त्र वीस लाख डॉलरच्या आसपासचं. प्रत्येक वेळी ड्रोन पडला आणि प्रत्येक वेळी पैशांचा हिशेब चुकला.

पैशांपेक्षाही मोठा प्रश्न कोठाराचा. ही क्षेपणास्त्रं डेकखालच्या उभ्या नळ्यांत असतात. भर समुद्रात त्या पुन्हा भरता येत नाहीत, बंदरात जावं लागतं. अमेरिकेने समुद्रात चालत्या जहाजावर नळी भरण्याची चाचणी घेतली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर जगातल्या सर्वांत श्रीमंत नौदलाचीही हीच अडचण होती. आता आपल्या सूरतकडे बघा. बराक-८ बत्तीस. समोरून स्वस्तातले चाळीस ड्रोन आले तर? कुठला बराकने पाडायचा, कुठला तोफेवर सोडायचा, कुठला जॅमिंगने भरकटवायचा आणि कुठला आपल्याकडे येतच नाही म्हणून जाऊ द्यायचा? कप्तानाच्या हातात काही मिनिटं असतात. पुढची लाट कधी येईल हे त्याला ठाऊक नसतं.

बहुतेक गेममध्ये मोहीम संपली की कोठार आपोआप भरतं. क्षेपणास्त्र सोडायला किंमत नाही, म्हणून ते न सोडण्याचं शहाणपणही नाही. आजच्या नौदल अधिकाऱ्याची परीक्षा काय सोडलं यापेक्षा काय राखून ठेवलं यात होते. तो धडाच गायब.

हे सगळं लांबच्या देशाचं दुखणं आहे असं समजू नका. २३ डिसेंबर २०२३ ला ‘केम प्लूटो’ या टँकरवर ड्रोन आदळला तो सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर. जहाजावर वीस भारतीय आणि एक व्हिएतनामी खलाशी होते. तटरक्षक दलाच्या सोबतीने ते जहाज मुंबईला आणलं आणि नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी त्याची तपासणी केली. खलाशांची घरं केरळात असतात, तामिळनाडूत असतात, तशी कोकणात आणि आमच्या कामोठ्याच्या सेक्टरांतही असतात. घरातला माणूस जहाजावर असलेल्या बाईला विचारा, तांबडा समुद्र किती जवळ आहे.

काळ्या समुद्राने तर सगळी गणितंच उलटी केली. ज्या युक्रेनकडे सांगण्यासारखा ताफा उरला नव्हता, त्याने १४ एप्रिल २०२२ ला रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची ‘मॉस्कवा’ ही ध्वजनौका किनाऱ्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी बुडवली. पुढे बिनमाणसांच्या स्फोटक बोटींनी रशियन नौका गाठल्या. रशियाला आपला ताफा बराचसा सेवास्तोपोलहून नोव्होरोसिस्ककडे हलवावा लागला. मोठी नौका म्हणजे मोठी ताकद, हे गेमचं मूळ गृहीतक इथे धारातीर्थी पडलं. तरीही बाजारातले गेम पोराला हेच शिकवतात की खेळत राहा, नाणी जमव, मोठी नौका घे. बाजाराला मोठी नौका विकायची असते. समुद्र मात्र लहान बोटीची बाजू घेऊ लागला आहे.

*

तिसरा ठोसा: माणूस.

गेममध्ये नौकेला मार बसला की वरची हिरवी पट्टी आखूड होते. दुरुस्तीचं बटण दाबलं की ती पुन्हा लांब होते. खऱ्या नौकेत पट्टी नसते. भोक पडतं, पाणी आत येतं, दिवे जातात, धूर कोंदतो.

२६ जानेवारी २०२४. देशात प्रजासत्ताक दिनाची संचलनं चालली होती. एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर हुथींचं क्षेपणास्त्र पडलं आणि आग लागली. जहाजावर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी होते. आयएनएस विशाखापट्टणम मदतीला धावली. तिच्यावरचं दहा जणांचं अग्निशमन पथक त्या जळत्या टँकरवर चढलं. जहाजावरच्या खलाशांच्या बरोबरीने त्यांनी सहा तास झुंज दिली आणि आग विझवली. त्या दिवशी विशाखापट्टणमच्या ब्राह्मोसचा काही उपयोग नव्हता. उपयोगी पडले ते पाण्याचे पाइप, श्वसनाचे संच आणि न डगमगणारी दहा माणसं.

ही माणसं घडतात कुठे? आपल्या डोक्यावरच्या घाटात, लोणावळ्याला. आयएनएस शिवाजीमध्ये आग, पाणी आणि विषारी वायूशी झुंजायचं प्रशिक्षण मिळतं. गोवा शिपयार्डने बांधलेला एक सिम्युलेटर तिथे आहे. तो म्हणजे नौकेचा पोलादी कप्पाच. तो डुलतो, भिंतीच्या भोकांतून जोरात पाणी आत घुसतं आणि नौसैनिकांना त्यात उभं राहून लाकडी पाचरी, पाट्या आणि टेकू ठोकत भोकं बुजवावी लागतात. हाही सिम्युलेशनच आहे आणि तो आजच्या नौदलाच्या अगदी बरोबरीने चालतो. कारण त्याचं सारं लक्ष नौका बुडू न देण्यावर आहे.

मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ हे चाच्यांनी पळवलेलं जहाज सोडवायला आयएनएस कोलकाता भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गेली. चाच्यांनी नौदलाचा टेहळणी ड्रोन गोळ्या घालून पाडला, नौकेवरही गोळीबार केला. नौदलाने जहाजाचं सुकाणू निकामी करून ते थांबवलं. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले. मग वाट बघणं, दबाव टाकणं, बोलणं. सुमारे चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखाली. चाळीस तासांचा संयम, कायदा, ओलीस, कमांडो आणि ड्रोन हे सगळं एकाच प्रसंगात. वीस मिनिटांच्या गेममध्ये हे बसवून दाखवा.

*

मग खेळ काळाच्या बरोबरीने चालूच शकत नाहीत का? शकतात, चाललेही आहेत. त्यासाठी भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

१९४२ साली लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाने एक युद्धखेळ मांडला. खोलीतली फरशी हा समुद्र. क्षयरोगाने नौकेवरून उतरावं लागलेला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स प्रमुख, आणि नौदलाच्या महिला शाखेतल्या तरुण मुली डाव चालवणाऱ्या. खडूने जहाजांच्या वाटा आखायच्या. जर्मन पाणबुडीची वाट हिरव्या खडूने, आडोशाच्या फटीतून बघणाऱ्या अधिकाऱ्याला ती दिसू नये म्हणून. अटलांटिकवरून ताफा परतला की त्याचा अहवाल थेट या खोलीत यायचा आणि डाव नव्याने मांडला जायचा. त्यातूनच कळलं की पाणबुड्या रात्री मागच्या बाजूने ताफ्याच्या आत शिरून टॉर्पेडो मारतात. त्यावरचा उताराही या फरशीवरच सापडला. युद्ध संपेपर्यंत हजारो अधिकारी इथून शिकून गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात जपानी नौदलाने ‘यामातो’ युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा खेळ मांडला. फाशांनी निकाल दिला: ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. पंच होते अॅडमिरल उगाकी. त्यांनी निकाल फिरवला. बसलेले तडाखे कमी धरले, बुडालेली नौका पुन्हा वर काढली. जूनमध्ये खऱ्या मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. आकागी आणि कागा त्यांतच होत्या.

माझं सगळं म्हणणं या दोन गोष्टींत आलं. समुद्रावर काल काय घडलं ते आज खेळात आलं पाहिजे आणि नको असलेला निकाल पचवायची तयारी पाहिजे. एवढं असलं तर खडूसुद्धा पुरतो. आणि हे नसलं तर अख्खी युद्धनौका टेबल म्हणून मांडूनही काही हाती लागत नाही. अमेरिकेच्या न्यूपोर्टमधल्या नौदल महाविद्यालयात दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत जपानविरुद्धचे डाव इतक्या वेळा खेळले गेले, की कामिकाझे सोडून पुढे काहीच अनपेक्षित नव्हतं, असं अॅडमिरल निमिट्झ यांनी नंतर लिहून ठेवलं.

सामान्य माणसाचा खेळही नौदलाला उपयोगी पडतो. लॅरी बाँड हा अमेरिकी नौदलातला अधिकारी. नौदलाचा सरावाचा खेळ गुप्त होता, म्हणून त्याने खुल्या माहितीवर ‘हार्पून’ हा खेळ रचला आणि तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. टॉम क्लॅन्सीने आपल्या कादंबरीसाठी तोच वापरला. एका माणसाने टेबलावर मांडलेल्या खेळाने पिढीच्या पिढी समुद्राचा विचार करायला लागली.

*

आपण काय केलं?

नौदलाचं युद्धशास्त्राचं महाविद्यालय १९८८ साली सुरू झालं ते आपल्या उरणच्या करंजाला. २०११ मध्ये ते गोव्याला गेलं. मार्च २०२४ मध्ये तिथे ‘चोल’ नावाची नवी इमारत उभी राहिली. म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना सागरी डावपेच शिकवणारी देशाची संस्था वीसहून अधिक वर्षं आपल्या जिल्ह्यात होती. पनवेल-उरणच्या किती शाळांना हे माहीत आहे? त्या ठिकाणाची ओळख आपण पोरांना करून दिली नाही, ती द्यायला हवी होती.

आणि लहान बोटीने मोठ्या जहाजाला नमवायचा धडा आपल्याला युक्रेनकडून घ्यायचीही गरज नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं लावून वेढा घातला. वारा पडला की ती मोठी जहाजं जागीच अडकायची. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटून रसद पोचवायच्या. १६८० च्या सुरुवातीला इंग्रज मागे हटले. किल्ला राहिला, आज तो जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याच्या नावाची पाणबुडी २०१९ पासून मुंबईत आहे.

डिसेंबर १९७१ मध्ये ‘ऑपरेशन ट्रायडंट’ झालं. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी खरं तर किनारा राखायला घेतलेल्या, लांब जायची त्यांची ताकद नव्हती. आपल्या नौदलाने त्या थेट कराचीवर नेल्या आणि एका रात्रीत पाकिस्तानी नौदलाचं कंबरडं मोडलं. पुस्तकात नसलेला डाव होता तो. ४ डिसेंबरचा नौदल दिन त्याचाच.

इतका ऐवज घरात असताना कोकणच्या किनाऱ्याचा, मराठी बोलणारा, तांडेल आणि तटरक्षकाला नायक करणारा गेम माझ्या पाहण्यात नाही. सबब सांगायला आता जागाही उरलेली नाही. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी घातली, पण शिकवणाऱ्या आणि करमणुकीच्या गेमांना उत्तेजन द्यायचं म्हटलं आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. कामोठ्यात एमजीएमचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नेरुळला टी. एस. चाणक्य आहे, उरणला कोळीवाडे आहेत. प्रोग्राम लिहिणारा, जहाज हाकणारा आणि समुद्र ओळखणारा, तिघेही तासाभराच्या अंतरात राहतात.

म्हणून माझं सांगणं थेट आहे.

अभियांत्रिकीच्या मुलांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आणखी एक हजेरीचं ॲप करू नका. करंजा ते खांदेरी एवढा समुद्र घ्या. त्यात पन्नास होड्या सोडा, दोन लाँच, तीन बार्ज, एक कंटेनर जहाज आणि एकच खोटी बोट. ओळखायला खेळणाऱ्याला वेळ कमी द्या, आणि निरपराध होडीवर गोळी झाडली तर डाव तिथेच संपवा. करंजाच्या तांडेलाला विचारून भरती-ओहोटी भरा. तो तुमच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक आहे, त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा.

नौदलाने आणि तटरक्षक दलाने गुपितं अजिबात देऊ नयेत. पण रुएन, केम प्लूटो, मार्लिन लुआंडा या घटनांबद्दल त्यांनी स्वतःच जे जाहीर केलं आहे, त्यावर शाळा-कॉलेजांसाठी टेबलावर मांडायचे साधे डाव करून द्यावेत. नौदल दिनाला नौका बघायला रांगा लागतात. त्या रांगेतल्या पोरांच्या हातात असा डाव द्या.

आणि पालकहो, पोरगा युद्धनौकांचा गेम खेळतो म्हणून मोबाईल हिसकावून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि एवढंच विचारा: तू आत्ता बुडवलीस ती बोट कुणाची होती? ज्या दिवशी गेम त्याला हे विचारायला लागेल, त्या दिवशी तो आजच्या नौदलाच्या बरोबरीला आला असं मी मानेन. तोवर तो मागेच आहे.